बिघडलेलं गुणोत्तर आणि कोटीतला एक: पुनर्संयोजन मोजलं कसं?

जनुकीय पुनर्संयोजनाची व्याख्या आपल्या सगळ्यांना पाठ असते. मायोसिसच्या वेळी समजात गुणसूत्रं जोडीने येतात, एकमेकांशी तुकड्यांची अदलाबदल करतात आणि त्यातून गुणांच्या नव्या जोड्या तयार होतात. परीक्षेत दोन ओळी लिहिल्या की मार्क मिळतात. पण पीएचडीच्या मुलाखतीत समोरच्यांनी विचारलं, "हे कळलं कसं हो? कुणी पाहिलं होतं का?", तर बऱ्याच जणांची गाडी तिथेच अडते.

प्रश्न रास्त आहे. १९११ साली जनुक कुणी पाहिलेलं नव्हतं. आनुवंशिकतेचा पदार्थ डीएनए आहे हेही माहीत नव्हतं. तरी त्या वर्षी पदवीच्या एका विद्यार्थ्याने जनुकांचा नकाशा काढला. १९४६ साली २१ वर्षांच्या एका संशोधकाने जीवाणूसुद्धा जनुकांची देवाणघेवाण करतात असं सांगितलं, तेही दोन जीवाणू एकमेकांना चिकटलेले न बघता. दोघांकडे हत्यार एकच होतं: मोजणी.

या लेखात आपण दोन गोष्टी बघू. त्यांनी नेमकं काय मोजलं, आणि त्या मोजणीवर लोकांनी विश्वास का ठेवला. तुमच्या रिसर्च प्रपोजलवरही उद्या हेच दोन प्रश्न येणार आहेत.

गुणोत्तर बिघडलं तेव्हा

सुरुवात माशीच्याही आधी होते. इंग्लंडमध्ये बेटसन, साँडर्स आणि पनेट हे तिघे स्वीट पी या फुलवेलीवर संकराचे प्रयोग करत होते. एका बाजूला जांभळी फुलं आणि लांबट परागकण, दुसऱ्या बाजूला लाल फुलं आणि गोल परागकण. मेंडेलच्या नियमाने दुसऱ्या पिढीत ९:३:३:१ असं गुणोत्तर यायला हवं. त्यांनी ६,९५२ झाडं मोजली. आता आकडे बघा.

जांभळी-लांबट: अपेक्षा सुमारे ३,९११, मिळाली ४,८३१.
जांभळी-गोल: अपेक्षा सुमारे १,३०३, मिळाली ३९०.
लाल-लांबट: अपेक्षा सुमारे १,३०३, मिळाली ३९३.
लाल-गोल: अपेक्षा सुमारे ४३५, मिळाली १,३३८.

आजोबांकडून जशा जोड्या आल्या, तशाच त्या जास्त दिसतात. नव्या जोड्या आहेत, पण फार कमी. अशा वेळी "प्रयोग नीट झाला नाही" म्हणून आकडे बाजूला ठेवणं सोपं असतं. या तिघांनी ते केलं नाही, आकडे जसेच्या तसे छापले. मात्र त्यांचा अर्थ लावताना बेटसन आणि पनेट चुकीच्या वाटेने गेले. गुणसूत्रांवर बेटसन यांचा भरवसा नव्हता. काही प्रकारच्या पेशी जास्त वेळा दुणावत असतील म्हणून असं होतं, अशी कल्पना त्यांनी मांडली. ती पुढे टिकली नाही.

म्हणजे आकडे बरोबर होते, खाली आधाराला यंत्रणा नव्हती. ती यंत्रणा न्यूयॉर्कमधल्या माश्यांनी दिली.

माशीच का, आणि मुलगेच का?

कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन फळमाश्या पाळत होते. दुधाच्या बाटल्या, खाऊ म्हणून केळी, दहा-बारा दिवसांत नवी पिढी आणि गुणसूत्रांच्या जेमतेम चार जोड्या. १९१० साली त्यांना लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. त्याच्या वंशावळीवरून हा गुण एक्स गुणसूत्राबरोबर चालतो हे दिसलं. विशेष म्हणजे तोपर्यंत मॉर्गन यांनाच गुणसूत्रांच्या सिद्धांताबद्दल शंका होती. पुराव्यापुढे त्यांनी मत बदललं.

एक्सवरची जनुकं अभ्यासायला इतकी सोयीची का, हे नीट समजून घ्या. नर माशीला एकच एक्स मिळतं, आणि ते आईकडून. वडिलांकडून वाय येतं, आणि आपण बघत असलेल्या गुणांची जनुकं त्याच्यावर नसतात. त्यामुळे आईच्या अंड्यात एक्सची जी आवृत्ती गेली, तीच मुलाच्या अंगावर उघडपणे दिसते. डोळ्यांचा रंग बघा, पंख बघा, की अंड्यात काय होतं ते कळलं. स्वीट पीच्या दुसऱ्या पिढीत दोन्ही पालकांकडून मिसळण होते आणि हिशेब किचकट होतो. इथे मुलगे मोजले की झालं. शिवाय नर फळमाशीत क्रॉसिंग ओव्हर होतच नाही, हेही पुढे लवकरच कळलं. म्हणजे जे काही घडतं ते मादीत.

त्याच सुमारास, १९०९ साली, बेल्जियमच्या यान्सेन्स यांनी सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांच्या जोड्या एकमेकींवर फुलीसारख्या पडलेल्या बघितल्या होत्या. तिथे तुकडे तुटून अदलाबदल होत असावी, असा त्यांचा तर्क होता. मॉर्गन यांनी १९११ मध्ये दोन धागे जोडले. एकाच गुणसूत्रावर जवळ असलेली जनुकं बहुतेक वेळा एकत्र जातात, आणि लांब असलेल्यांच्या मध्ये अदलाबदल व्हायची शक्यता जास्त असते.

नकाशा म्हणजे भविष्यवाणी

इथे अल्फ्रेड स्टर्टेव्हंट येतो. तो मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत काम करणारा पदवीचा विद्यार्थी. मॉर्गन यांच्याशी बोलताना त्याच्या डोक्यात आलं, की नव्या जोड्यांचं प्रमाण जर अंतरावर अवलंबून असेल, तर त्याच प्रमाणावरून उलटा हिशेब करून अंतर काढता येईल. कॉलेजचा गृहपाठ बाजूला ठेवून तो बरीच रात्र जागला आणि एक्स गुणसूत्राचा पहिला नकाशा काढला. तो १९१३ मध्ये छापून आला.

त्या पेपरमधल्या तीन जोड्या घेऊ. पिवळं शरीर, शेंदरी डोळे आणि छोटे पंख.

पिवळं आणि शेंदरी: ४,५५१ पैकी १,४६४ नव्या जोड्या, म्हणजे ३२.२ टक्के.
शेंदरी आणि छोटे पंख: ५७३ पैकी १७, म्हणजे ३.० टक्के.
पिवळं आणि छोटे पंख: ३२४ पैकी ११५, म्हणजे ३५.५ टक्के.

आता वही-पेन घ्या. छोट्या पंखांचं जनुक शेंदरीच्या पलीकडे असेल, तर पिवळ्यापासूनचं अंतर ३२.२ + ३.० = ३५.२ यायला हवं. अलीकडे असेल, तर ३२.२ − ३.० = २९.२. प्रत्यक्षात आलं ३५.५. म्हणजे ते पलीकडे आहे.

पण लगेच मान डोलावू नका. तिसऱ्या मोजणीत माश्या ३२४च आहेत. इतक्या नमुन्यात ३५.५ टक्क्यांची प्रमाण त्रुटी साधारण २.७ टक्के येते. ३५.२ हा आकडा त्या मर्यादेत आरामात बसतो. २९.२ मात्र दोन त्रुटींपेक्षा जास्त लांब आहे. निष्कर्ष टिकतो, आणि किती जोरात टिकतो हेही आपल्याला सांगता येतं. मोजणी फक्त ५० माश्यांची असती तर त्रुटी सातच्या आसपास गेली असती आणि दोन्ही क्रम शक्य वाटले असते. सॅम्पल साइज किती घ्यायचा, हा प्रश्न प्रयोग संपल्यावर विचारायचा नसतो तो यासाठी.

स्टर्टेव्हंटच्या कामाचं खरं वजन या बेरजेत आहे. दोन अंतरं माहीत असली की न केलेल्या क्रॉसचं उत्तर आधी सांगता येतं, आणि मग क्रॉस करून तपासता येतं. असं उत्तर आधी सांगता आलं नसतं, तर तो नकाशा म्हणजे आकड्यांची सजावट ठरला असता.

जिथे पट्टी खोटं बोलते

आता त्याच पेपरमधली एक अडचण. पिवळं शरीर आणि अविकसित पंख ही जनुकं नकाशावर एकमेकांपासून ५७.६ अंतरावर आहेत. मधली छोटी अंतरं जोडत गेलं की हा आकडा येतो. पण या दोघांचा थेट क्रॉस केला तेव्हा ६९३ पैकी २६० नव्या जोड्या मिळाल्या, म्हणजे ३७.५ टक्के. वीस टक्के गेले कुठे?

उत्तर स्टर्टेव्हंटनेच दिलं. अंतर लांब असेल तर मध्ये दोनदा अदलाबदल होऊ शकते. पहिल्या वेळी टोकं वेगळी झाली, दुसऱ्या वेळी पुन्हा जुळली. आपण फक्त दोन टोकं बघत असू, तर ती माशी जुन्या जोडीचीच दिसते आणि मोजणीतून निसटते. मधलं एखादं तिसरं जनुक बघितलं तर ती पकडली जाते. म्हणून नकाशा नेहमी छोट्या छोट्या टप्प्यांनी बांधायचा. टोकाटोकाचं प्रमाण सरासरीने ५० टक्क्यांच्या वर जात नाही, नकाशावरचं अंतर मात्र जाऊ शकतं. नेटच्या तयारीत हे दोन आकडे एकच समजून पुष्कळ जण फसतात. प्रमाण हे मोजमाप आहे, अंतर हा त्यावरून काढलेला निष्कर्ष आहे.

आणखी एक गोष्ट राहिली होती. तुकड्यांची खरोखर अदलाबदल होते हे डोळ्यांनी दिसायला १९३१ साल उजाडलं. हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात, तर कर्ट स्टर्न यांनी फळमाशीत, दोन्ही टोकांना वेगळी खूण असलेली गुणसूत्रं वापरली. गुण बदलले तिथे खुणाही बदललेल्या दिसल्या. तोपर्यंत जवळजवळ वीस वर्षं सगळं काम मोजणीवर चाललं होतं.

जीवाणूंपाशी मोजणी हरते

आता जीवाणूंकडे वळू. जीवाणू दुभंगून वाढतात, त्यांच्यात नर-मादी नाही, मायोसिस नाही. १९४० च्या दशकात बहुतेकांचं मत होतं की त्यांच्यात पुनर्संयोजन होत नसावं. आधी कुणी शोधलं तेव्हा काही ठोस हाती आलं नव्हतं.

का आलं नव्हतं, ते आकड्यातच आहे. ज्या प्रयोगात ते शेवटी सापडलं, त्यात नव्या जोडीचे जीवाणू साधारण एक कोटीत एक या प्रमाणात होते. मॉर्गनच्या पद्धतीने एकेक करून एक कोटी जीव तपासायला कोण बसणार?

जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी १९४६ साली येल विद्यापीठात मोजण्याऐवजी गाळायचं ठरवलं. ई. कोलायच्या के-१२ या वाणाचे अपंग प्रकार त्यांनी घेतले. एका प्रकाराला बायोटिन आणि मेथिओनिन स्वतः बनवता येत नाही. दुसऱ्याला थ्रिओनिन, ल्युसिन आणि थायमिन बनवता येत नाही. साध्या माध्यमात, म्हणजे साखर आणि क्षार एवढंच असलेल्या खाण्यावर, दोघंही उपाशी मरतात. दोघांना एकत्र वाढवून, धुऊन, साध्या माध्यमावर पसरवलं. दहा कोटी पेशी पसरवल्या आणि त्यातल्या दहांकडेच सगळी जनुकं धड असली, तर त्या दहाच वसाहती उगवतात. बाकीचे गप्प. नव्वद टक्के काम पेट्री डिशनेच केलं.

पण उगवलेली वसाहत म्हणजे पुनर्संयोजन, असं लगेच म्हणता येतं का? इथेच हा प्रयोग शिकण्यासारखा आहे. वसाहत उगवण्याची दुसरी कारणं एकेक करून बघा.

पहिलं कारण, उलटं म्यूटेशन. बिघडलेलं जनुक आपोआप दुरुस्त होऊ शकतं, समजा कोटीत एकदा. एकच दोष असता तर त्याच आकड्याने आपली फसवणूक झाली असती. म्हणून प्रत्येक प्रकारात दोन किंवा तीन दोष घेतले. दोन दोष एकाच वेळी दुरुस्त व्हायची शक्यता कोटी गुणिले कोटीत एक. आणि प्रत्येक प्रकार एकटा पसरवला तेव्हा वसाहती आल्या नाहीत.

दुसरं कारण, शेजारधर्म. दोन अपंग प्रकार एकमेकांना अन्न पुरवून एकत्र जगत असतील. मग वसाहतीतून एकेक पेशी वेगळी काढून वाढवायची. त्या एकट्याही साध्या माध्यमावर वाढल्या आणि त्यांची पुढची पिढीही.

तिसरं कारण, मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेला डीएनए. एव्हरी आणि सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये न्यूमोकॉकसमध्ये असं रूपांतरण दाखवलेलं होतं, त्यामुळे ही शंका अगदी खरी होती. १९५० साली बर्नार्ड डेव्हिस यांनी यू आकाराची नळी घेतली आणि तळाशी जीवाणू पार जाणार नाहीत इतकी बारीक गाळणी बसवली. द्रव इकडून तिकडे जातो, पेशी जात नाहीत. एका बाजूला एक प्रकार, दुसऱ्या बाजूला दुसरा. वसाहती आल्या नाहीत. म्हणजे पेशींचा प्रत्यक्ष संपर्क लागतो.

गंमत पुढे आहे. १९५२ मध्ये नॉर्टन झिंडर आणि लेडरबर्ग यांनी सॅल्मोनेलावर असाच नळीचा प्रयोग केला, तेव्हा वसाहती आल्या. जनुकं गाळणीतून पार गेली होती, आणि ती नेणारा वाहक निघाला विषाणू. त्यातून ट्रान्सडक्शनचा शोध लागला. एकच कंट्रोल, दोन जीवाणू, दोन उत्तरं. कंट्रोल हा गाईडला खूश करायला टाकायचा रकाना नाही, हे विद्यार्थ्यांना सांगायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

टक्के सोडून मिनिटं

मग जीवाणूंचा नकाशा? टक्क्यांवर काढायला गेलं की गोंधळ होऊ लागला. कारण समजायला काही वर्षं गेली. विल्यम हेज यांनी १९५२ च्या सुमारास दाखवलं, की ही देवाणघेवाण एकतर्फी आहे. दात्याला स्ट्रेप्टोमायसिनने मारलं तरी नव्या जोड्या मिळतात, ग्राहकाला मारलं की मिळत नाहीत. एक देतो, दुसरा घेतो आणि वंश दुसऱ्याचाच पुढे चालतो. शिवाय दाता आपलं अख्खं गुणसूत्र क्वचितच पाठवतो, मध्येच तुटतं. म्हणजे जीवाणूंमधल्या टक्क्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: जनुक आत पोचलं का, आणि पोचल्यावर ग्राहकाच्या गुणसूत्रात बसलं का. माशीत पहिला प्रश्नच येत नाही, दोन्ही गुणसूत्रं पूर्ण हजर असतात.

पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एली वोलमन आणि फ्रान्स्वा जेकब यांनी हे दोन प्रश्न वेगळे केले. जास्त प्रमाणात जनुकं देणारा दाता घेतला, ग्राहकाशी मिसळला, आणि ठरावीक मिनिटांनी थोडा नमुना काढून स्वयंपाकघरातल्या मिक्सरसारख्या ब्लेंडरमध्ये फिरवला. जोड्या तुटल्या. दात्याला स्ट्रेप्टोमायसिनने मारलं आणि ग्राहकात कोणती जनुकं आली ते बघितलं. थ्रिओनिन-ल्युसिन साधारण ८ व्या मिनिटाला, अझाइडचा प्रतिकार ९ व्या, टी-१ विषाणूचा प्रतिकार ११ व्याच्या सुमारास, लॅक्टोजचं जनुक १८ व्या आणि गॅलॅक्टोजचं २५ व्या. आगगाडीचे डबे बोगद्यातून बाहेर यावेत तशी जनुकं ओळीने आत येत होती. अंतर आता मिनिटांत मोजता आलं.

वेगवेगळे दाते घेतले तर सुरुवात वेगळ्या जनुकापासून व्हायची, काहींत दिशाही उलटी. पण शेजारी तेच राहायचे. हे सगळे क्रम एकत्र बसायला एकच आकार पुरत होता: वर्तुळ.

१९९७ मध्ये के-१२ चा संपूर्ण डीएनए क्रम वाचला गेला, सुमारे ४६ लाख ३९ हजार बेस जोड्या. पूर्ण नकाशा १०० मिनिटांचा धरला तर एका मिनिटाला सुमारे ४६ हजार जोड्या. लॅक्टोज आणि गॅलॅक्टोजच्या जनुकांमध्ये सुमारे सव्वाचार लाख जोड्या आहेत, म्हणजे ९ मिनिटं. ब्लेंडरने दिली होती ७. क्रम तंतोतंत, अंतर जवळपास. ज्याला कुणी बघितलं नव्हतं त्याचं मोजमाप चाळीस वर्षांनी इतकं जुळावं, हे काही थोडं नाही.

तुमच्या प्रयोगासाठी

हा सगळा इतिहास परीक्षेपुरता नाही. १९५९ च्या सुमारास जपानमध्ये आमांशाचे जीवाणू एकाच वेळी अनेक अँटिबायोटिकना दाद देईनासे झाले, आणि हा प्रतिकार संपर्कातून दुसऱ्या जीवाणूंकडे जातो हे दिसलं. ते ओळखता आलं, कारण संपर्कातून जनुकं जातात हे लेडरबर्ग, डेव्हिस आणि हेज यांच्या पेट्री डिशमध्ये आधीच सिद्ध झालं होतं. आज हॉस्पिटलमध्ये औषधं फसतात त्यामागे हीच प्रक्रिया मोठ्या प्रमाणावर आहे.

प्रपोजल लिहायला बसाल तेव्हा या माश्या आणि जीवाणूंना चार प्रश्न विचारायला लावा. मी जे मोजतोय किंवा मोजतेय, ते आणि मला जे जाणून घ्यायचंय ते, यांत फरक काय? माझा आकडा दुसऱ्या कोणत्या कारणाने येऊ शकतो आणि ते कारण मी कसं बंद करणार? माझ्या आकड्यावरून मी अजून न केलेल्या प्रयोगाचं उत्तर आधी सांगू शकतो का? आणि माझी पट्टी कुठपासून पुढे खोटं बोलायला लागते?

जाता जाता एक सराव. क आणि ख मध्ये १२ टक्के नव्या जोड्या, ख आणि ग मध्ये ५, क आणि ग मध्ये ७. क्रम सांगा. ५ आणि ७ मिळून १२, म्हणजे ग मध्ये आहे: क-ग-ख. आता समजा प्रत्येक मोजणी फक्त ४० माश्यांची होती. १२ टक्के म्हणजे जेमतेम पाच माश्या, ५ टक्के म्हणजे दोन. तरी हाच क्रम तुम्ही छातीठोकपणे सांगाल का? प्रमाण त्रुटी काढा आणि मग ठरवा.

पुढच्या लेखात अदलाबदल घडवून आणणाऱ्या प्रथिनाकडे, म्हणजे रेक-ए कडे जाऊ. १९६५ मध्ये ते सापडलं तेही असंच, नव्या जोड्या बनवू न शकणारे जीवाणू शोधून.